बंदीचा आदेश वाचून घ्या

पौष पौर्णिमा जवळ आली की वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेची लगबग सुरू होते आणि तिच्यासोबत प्रशासनाचा बंदीचा आदेशही निघतो. पशुबळी द्यायचा नाही, मंदिर परिसरात वाद्यं वाजवायची नाहीत, नारळ फोडायचे नाहीत, झाडांना खिळे ठोकायचे नाहीत. मग कुणीतरी विचारतंच, "देवी आमची, नवस आमचा, सरकार मध्ये कशाला?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला अडाणी म्हणून गप्प बसवू नये, त्याला नीट उत्तर द्यावं.

उत्तर २५ जानेवारी २००५ या तारखेत आहे. त्या दिवशी पौर्णिमा आणि मंगळवार एकत्र आले होते. डोंगरावर लाखो माणसं होती. फोडलेल्या नारळांचं पाणी पायऱ्यांवर साचून दगड निसरडे झाले होते. वरून उतरणारे घसरले, त्यांच्या अंगावर मागचे पडले, खालून चढणाऱ्यांना पुढे काय झालंय ते कळेना आणि ते रेटतच राहिले. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दुकानांची दाटी. त्यातच दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. जवळपास तीनशे भाविक गेले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगानं चौकशी केली. ज्या गावांतून माणसं परत आलीच नाहीत, तिथं आजही ही तारीख काढली की घर गप्प होतं.

म्हणून नारळाच्या बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पायरीवर नारळ फोडायचा माझा हक्क मागून लेकरू कडेवर घेऊन येणाऱ्या बाईच्या जिवापेक्षा मोठा नाही. धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं २५ वं कलमही सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच ते देतं. श्रद्धेचं नाव घेऊन हा नियम मोडणाऱ्याला गावानंच अडवावं, पोलिसाची वाट पाहू नये.

पण एवढ्यावर थांबलं तर अर्धंच बोलल्यासारखं होईल. नारळबंदीनं पायरी कोरडी राहते, वाट रुंद होत नाही. चढायची आणि उतरायची वाट वेगळी ठेवणं, दुकानं मागे सरकवणं, गाड्या खालीच थांबवून वर एसटीची सोय करणं, पाणी, दिवे, डॉक्टर, रुग्णवाहिकेला मोकळा रस्ता, ही सगळी सरकारची कामं. त्यांना पैसा लागतो, माणसं लागतात, महिनाभर आधीपासून डोकं घालावं लागतं. बंदीला एक कागद आणि एक सही पुरते. त्यामुळे कोणत्याही सरकारला, ते कुठल्याही पक्षाचं असो, बंदीची वाट सोपी वाटते. आपल्याला बंदी पाळायला सांगणाऱ्याला, तुमच्या वाटणीचं काम झालं का, हे विचारायचा आपला हक्क आहे. यात्रेच्या नियोजनाची बैठक होते, तिथं गावच्या माणसांनी हेच विचारावं.

आता यात्रेपलीकडे या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीचे आदेश निघतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. मात्र एक संपला की दुसरा, असे आदेश लागोपाठ निघू लागले की त्यामागचं कारण हळूहळू विसरलं जातं आणि उरते ती सवय. मग पाणी आलं नाही म्हणून नगरपालिकेवर जाणाऱ्या बायाही बेकायदा जमाव ठरू शकतात. मांढरदेवची बंदी मला पटते, कारण तिला जागा आहे, दिवस ठरलेले आहेत आणि डोळ्यांनी पाहिलेलं कारण आहे. या तीन गोष्टी नसतील तिथं मान डोलवू नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. मोबाइलवरच्या अफवेनं आणखी घरं पेटू नयेत ही काळजी खरीच होती. पण अशा बंदीत अफवा पसरवणारा आणि हळदीची पट्टी खात्यावर यायची वाट पाहणारा शेतकरी, दोघंही सारखेच अडकतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात बजावलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, त्यांत कारणं द्यावी लागतील आणि बंदी धोक्याच्या मानानंच असावी लागेल. तो निकाल वाईलाही तितकाच लागू आहे.

तेव्हा आदेश हाती आला की नुसता मथळा वाचून पुढे पाठवू नका. 'ज्याअर्थी'नं सुरू होणारा परिच्छेद वाचा, कारण तिथंच असतं. मग हद्द पाहा, मुदत पाहा, सही कुणाची आहे ते पाहा. पूर्वीचं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ वं कलम झालं आहे. त्याखालचा दंडाधिकाऱ्यांचा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, राज्य सरकारनं वाढवला तरी आणखी सहा महिनेच. ज्याला आदेशाची झळ बसते तो दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो बदलायला किंवा रद्द करायला सांगू शकतो. त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. ही तरतूद आपण फार कमी वापरतो.

बोलून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १९७५ मध्ये आणीबाणी असताना कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यावरच्या दडपणाविरुद्ध उघड आवाज उठवला. मंडपात स्वागताध्यक्ष होते तेव्हाचे केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावं लागलं. त्या वेळी वर्तमानपत्रं तपासून छापली जात होती आणि कारण 'देशाची सुरक्षा' हेच सांगितलं जात होतं. आज आपल्याला तुरुंगाची तयारी ठेवायला कुणी सांगत नाही. एक अर्ज लिहायचा आहे, एवढंच.

येत्या यात्रेला जाल तेव्हा नारळ फोडू नका, अखंडच देवीला वाहा. वर असताना उतरायची वाट वेगळी आहे का, रुग्णवाहिका निघू शकेल का, हे बघून ठेवा. कमी दिसलं तर त्याच आठवड्यात प्रांत कार्यालयात लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या.