कडी लावलीस का?

लहानपणी रात्री निजानीज झाली की आई अंथरुणावरूनच विचारायची, "कडी लावलीस का गं?" मी "हो" म्हणायची. तरीही ती उठायची, दरवाजा एकदा आतून ओढून बघायची आणि मगच आडवी व्हायची. मला राग यायचा. माझ्या शब्दावर विश्वास नाही म्हणजे काय! आता पंचाहत्तरी जवळ आल्यावर कळतं, की तिचा अविश्वास माझ्यावर नव्हताच. कडी कधी कधी अर्धवट बसते, एवढंच तिला माहीत होतं.

आज हे आठवायला कारण आहे एक राउटर. मंडळी, हसू नका. मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, मला या यंत्रातलं काय कळणार, असं मलाही वाटत होतं. पण तीन वर्षांपूर्वी एका कागदावर मी सही केली होती, आणि त्या सहीचा संबंध या राउटरशी आहे हे मला या मे महिन्यात कळलं.

झालं असं. तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमच्या सोसायटीतली (आम्ही नेरूळला राहतो) एक चित्रफीत व्हॉट्सअॅपवर फिरू लागली. रात्री उशिरा मित्राबरोबर घरी आलेली एक मुलगी, लिफ्टची वाट बघत उभी. बस, एवढंच. पण त्यावर लोकांनी काय काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या कुटुंबाने सहा महिन्यांत जागा बदलली. चित्र आमच्याच लॉबीतल्या कॅमेऱ्याचं होतं. कॅमेऱ्याचा पडदा वॉचमनच्या केबिनमध्ये. रात्रपाळीला जे वॉचमन होते त्यांना सगळी मुलं मामा म्हणत. मामा म्हणाले, "बाई, त्या मशिनीतलं मला काही काढता येत नाही हो." कमिटीने ऐकलं नाही. मीही कमिटीत होते. त्यांना कामावरून कमी करण्याचं पत्र त्यांच्या एजन्सीला गेलं, त्यावर पाच सह्या होत्या. त्यातली एक माझी.

आता या मे महिन्यात आलेला माझा भाचा. तो महाप्याला काम करतो, आणि त्याचं काम म्हणजे सॉफ्टवेअर राउटरच्या चाचण्या लिहिणं. सोसायटीचा इंटरनेट सारखा बंद पडतो म्हणून सेक्रेटरींनी त्याला जरा बघायला सांगितलं. त्याने आमच्या स्वयंपाकघरात बसून मोबाइलचा वायफाय बंद केला, सोसायटीचा पत्ता टाकला, आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं पान उघडलं. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. "मावशी, हे बघ," म्हणाला. आमची लॉबी, आमचा जिना, आमचं पार्किंग. जगात कोणीही, कुठूनही, बघू शकेल असं. हवं ते उतरवूनही घेऊ शकेल असं.

मला घाम फुटला. मग मी त्याला बसवून घेतलं आणि म्हटलं, आता मला पहिल्यापासून समजावून सांग.

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते सगळ्यांना पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच लक्षात आलं, तेव्हा १९९४ मध्ये एक युक्ती मांडली गेली. घरातल्या सगळ्या यंत्रांना आतले खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर मात्र एकच पत्ता दाखवायचा. दारात उभा असतो राउटर. आतून कोणी बाहेर गेलं की तो वहीत नोंद करतो, आणि त्याचं उत्तर आलं की वही बघून आत सोडतो. ज्याची नोंद नाही असा कोणी बाहेरून आला, तर त्याला कुठे पाठवायचं हेच राउटरला माहीत नसतं. तो दारातच राहतो.

पण कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर? मग राउटरला सांगून ठेवावं लागतं, की अमुक क्रमांकाच्या दाराची चौकशी करत कोणी आला तर त्याला सरळ त्या डीव्हीआरकडे सोड. एका पत्त्याला असे ६५,५३६ क्रमांक असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. या सोडण्याला म्हणतात पोर्ट फॉरवर्डिंग. कॅमेरे बसवणाऱ्याने तेच केलं होतं. अध्यक्षांच्या मोबाइलवर चित्र आलं, टाळ्या झाल्या, बिल दिलं गेलं. दार उघडतं का, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. कोणाकोणाला उघडतं, हे कोणीच पाहिलं नाही.

मग मी त्याला विचारलं, तुझ्या कंपनीत तुम्ही हे कसं बघता? त्याचं उत्तर मला फार आवडलं.

आजकाल राउटर म्हणजे वेगळा डबाच लागतो असं नाही. साध्या संगणकावर प्रोग्राम चालवला की तोच राउटर होतो. एका प्रसिद्ध कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये लिनक्स वापरलेलं निघालं, त्यामुळे त्याचा कोड २००३ मध्ये खुला करावा लागला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी हा खुला राउटर उभा राहिला. पीएफसेन्स, व्हायओएस ही त्याच गोत्रातली आणखी नावं. राउटर हा नुसता प्रोग्रामच असल्यामुळे त्याची परीक्षाही प्रोग्रामच घेऊ शकतो. एकाच संगणकाच्या पोटात खोटी तीन यंत्रं तयार करतात. एक 'बाहेरचं जग', एक 'घर' आणि मधला राउटर. त्यांच्यामधल्या ताराही खोट्याच. मग परीक्षा सुरू. बाहेरून ठरलेल्या क्रमांकावर टकटक केली तर ती आतल्या योग्य यंत्रापर्यंत जाते का? शेजारच्या क्रमांकावर केली तर अडते का? आतून बाहेर जाणाऱ्यावर राउटरचाच पत्ता दिसतो का? राउटर बंद करून पुन्हा चालू केला तर नियम लक्षात राहतात का? आणि नव्या पद्धतीचे पत्ते, ज्याला आयपीव्ही६ म्हणतात, त्यांची परीक्षा वेगळी. तिथे प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा पत्ता मिळू शकतो, त्यामुळे जुन्या युक्तीचा आडपडदा उरत नाही, अडवण्याचं काम नियमांनीच करावं लागतं.

कोणी राउटरच्या प्रोग्राममध्ये एक ओळ जरी बदलली, तरी हे सगळे शेकडो प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले जातात. काही मिनिटांत निकाल. "कालच तर पास झाला होता" ही सबब चालत नाही.

मला आमच्या शाळेची तपासणी आठवली. साहेब वर्षातून एकदा येणार, आधी कळवून येणार. त्या दिवशी फळे काळेभोर, मुलांचे गणवेश कडक, आणि पाठही आधी घोकून घेतलेला! त्या तपासणीतून शाळेबद्दल खरं काय कळायचं? भाच्याची परीक्षा रोज होते, न सांगता होते, आणि घेणाऱ्याला कंटाळा येत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तो म्हणाला, "मावशी, उघडतंय हे तपासणं सोपं. उघडत नाही हे तपासणं अवघड." का? तर टकटक केल्यावर उत्तर आलं नाही याचे दोन अर्थ होतात. एक, राउटरने अडवलं. दुसरा, तारच तुटली आहे आणि टकटक दारापर्यंत गेलीच नाही. दोन्ही वेळा बाहेर शांतताच. म्हणून नकाराची परीक्षा घेण्याआधी, त्याच वाटेने एक होकाराची परीक्षा घ्यायची. वाट चालू आहे हे दाखवायचं, आणि मगच त्या शांततेला नकार समजायचं. वर्गातून आवाज येत नाही म्हणजे मुलं शहाणी झाली असं नसतं. कधी कधी वर्ग रिकामा असतो.

हे ऐकलं आणि मी बराच वेळ गप्प बसले. मामांच्या बाबतीत आम्ही नेमकं काय केलं होतं? दुसऱ्या कोणाचं नाव पुढे येत नाही, म्हणजे हेच. त्या शांततेलाच आम्ही पुरावा मानलं. आणखी कोणी ते चित्र बघू शकतं का, हा प्रश्न विचारलाच नाही. ती चित्रफीत पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेली नव्हती, सरळ यंत्रातून उतरवल्यासारखी स्वच्छ होती, हे तेव्हाही दिसत होतं. पाच सह्या करणाऱ्या पाचांपैकी तिघांच्या मोबाइलमध्ये तो कॅमेरा होता. त्यांना कोणी विचारलं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोर कोण हेही माहीत नाही.

सत्य सांगायचं तर डीव्हीआरमध्ये बाहेरच्या अनोळखी पत्त्यांवरून आत आल्याच्या पुष्कळ नोंदी निघाल्या, पण त्या अलीकडच्या. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत. तेव्हा मामांनी ते केलं नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यांनीच केलं असं धरायला मात्र आमच्याकडे काहीही आधार नव्हता.

हे आमच्याच इमारतीत घडतं असं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका विषाणूने कारखान्यातून आलेल्या साठेक पासवर्डांच्या यादीवर जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. २०१७ च्या जुलैत आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम असेच बंद पडले, कारण पासवर्ड बदललेलेच नव्हते. सरकारलाही जाग आली आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षा तपासल्याशिवाय ते विकता येऊ नयेत असा नियम २०२४ मध्ये निघाला आणि २०२५ च्या एप्रिलपासून लागू झाला. चांगलंच आहे. पण तो कॅमेरा तपासला जातो प्रयोगशाळेत. आमच्या जिन्याखाली बसवल्यावर त्याच्यासाठी राउटरमध्ये कोणी कोणतं दार उघडलं, हे कोणती प्रयोगशाळा तपासणार? ते आपल्यालाच बघावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक सोसायटीने कॅमेऱ्याच्या देखभालीच्या करारात दोन ओळी घालाव्यात. बाहेरून कोणते पोर्ट उघडे हवेत याची लेखी यादी, आणि त्या यादीबाहेरचं सगळं बंद आहे याची बाहेरून घेतलेली परीक्षा. बसवताना एकदा नव्हे, दर महिन्याला, आणि कोणीही राउटरला हात लावला की त्याच दिवशी. भाचा म्हणतो, ही परीक्षा रोज रात्री आपोआप घेऊन सेक्रेटरींना निकाल पाठवणारा प्रोग्राम लिहायला अर्धा दिवसही लागत नाही. (त्याने आमच्यासाठी लिहिलाही. कॅमेऱ्याचं दार त्याने बंदच केलं. आता बाहेरून बघायचं तर व्हीपीएनने, नाव सांगून यावं लागतं.)

काही जण म्हणतील, यंत्राची परीक्षा घेऊन सगळं कळतं का? नाही कळत. भाचाही हेच म्हणाला. जो प्रश्न कोणाला सुचलाच नाही तो परीक्षेत येत नाही. पण एकदा चूक सापडली की तिचा प्रश्न कायमचा यादीत जातो आणि तीच चूक गुपचूप परत येऊ शकत नाही. माणसांच्या कमिटीत अशी यादी कोण ठेवतं? आमच्या कमिटीत तरी नव्हती. मी आता वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहिला आहे: माणसाला दोष देण्याआधी दार ओढून पाहिलं का?

एजन्सीकडून नंबर मिळवून मी मामांना फोन केला. ते आता गावी असतात. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, आता कशाला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण तो कागद अजून तिथंच असेल नं?"

आहे. सोसायटीच्या फाइलमध्ये आहे. तो मागे घेण्याचं पत्र आणि त्यांच्या अडवलेल्या एका महिन्याच्या पगाराचा प्रश्न मी येत्या वार्षिक सभेपुढे लेखी दिला आहे. कमिटीतले काही म्हणतात, जुनी प्रकरणं कशाला उकरायची. त्यांना मी एवढंच सांगितलं आहे, की सही माझी आहे, ती मी मागे घेणारच. बाकीच्या चौघांनी आपापलं ठरवावं.

सभेत काय झालं ते पुढे कळवेनच. तोवर आपापल्या सोसायटीत जरा चौकशी करा. आणि "हो, बंद आहे" असं उत्तर आलं, तरी एकदा दार ओढून बघा.