आधी मंच, मग मुद्दे

गृहनिर्माण संस्थेची कमिटी वकिलाच्या ऑफिसात येते ती बहुधा सगळी कागदपत्रे एकाच पिशवीत कोंबून. बिल्डरने अजून कन्व्हेयन्स करून दिलेला नाही. मागच्या मोकळ्या जागेत त्याने नव्या विंगचे जोते काढले आहे. गच्ची गळते. दोन सभासद कित्येक महिने मेंटेनन्स भरत नाहीत. त्यातच इमारत धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस परवा दारावर चिकटली आहे. एवढे सगळे पुढ्यात ठेवून सेक्रेटरी एकच प्रश्न विचारतात, ‘साहेब, स्टे मिळेल ना?’

आपल्यापैकी बरेच जण याच प्रश्नाचे उत्तर देतात आणि वकीलपत्रावर सही घेतात. या अंकाचे संपादकीय त्या सहीच्या आधीच्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

त्या पिशवीत किमान पाच मंचांची कामे आहेत. कन्व्हेयन्ससाठी जिल्हा उपनिबंधक. थकबाकीसाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला, म्हणजे निबंधक. गळतीचे उत्तर ताबा कधी मिळाला आणि पाणी नेमके कुठून येते यावर ठरते: प्रकल्प नोंदणीकृत असेल आणि ताब्याला पाच वर्षे झाली नसतील तर रेराचे कलम १४(३), ग्राहक आयोगात जायचे तर दोन वर्षांची मुदत, आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदाच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत असेल तर उपविधी आणि कलम ९१ चे सहकारी न्यायालय. नव्या विंगचे तसेच. प्रकल्प १ मे २०१७ पूर्वी पूर्णत्वाचा दाखला घेऊन संपलेला असेल तर मोफाचे कलम ७ आणि दिवाणी न्यायालय. तो रेराखाली नोंदलेला असेल तर कलम १४(२) मधली दोनतृतीयांश खरेदीदारांची संमती हा प्रश्न, आणि मग कलम ७९ दिवाणी न्यायालयाचा रस्ता अडवते. महापालिकेची नोटीस हा सार्वजनिक कायद्याचा विषय. या सगळ्यांचा मिळून एक दावा आणि एक स्टे होत नाही. तरी असे दावे रोज दाखल होतात. वादपत्रातल्या मागण्या ‘अ’ पासून ‘ट’ पर्यंत जातात आणि लेखी जबाबातली पहिलीच हरकत अधिकारक्षेत्राची असते.

पूर्वी ही हरकत निदान लवकर निकाली निघायची. महाराष्ट्रापुरते दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ९अ होते. अंतरिम अर्जाच्या टप्प्यावर कोणी अधिकारक्षेत्राची हरकत घेतली की तो प्रश्न प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवावा लागे. त्याचा गैरवापर किती झाला हे मुंबईतल्या कोणत्याही वकिलाला सांगायला नको. अंतरिम अर्ज वर्षानुवर्षे लटकत ठेवण्याचे ते हुकमी साधन होते. २०१८ मध्ये ते कलम गेले ते बरेच झाले. पण त्याचा सल्ल्यावर काय परिणाम झाला याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आता आदेश १४ नियम २ खाली निव्वळ कायद्याचा मुद्दा असेल तरच तो आधी निघू शकतो. पुराव्यात गुंतलेली हरकत शेवटपर्यंत सोबत चालते. साक्षी, उलटतपास, युक्तिवाद सगळे झाल्यावर ‘हा दावा या न्यायालयात चालू शकत नाही’ असा निष्कर्ष येऊ शकतो. वादपत्र परत दिले गेले तर नव्या न्यायालयात सुनावणी पुन्हा पहिल्यापासून, हे सर्वोच्च न्यायालयाने एक्सेल करिअर्स प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे मंच चुकण्याची किंमत पूर्वीपेक्षा वाढली आहे. ती पक्षकार भरतो.

मुदत कायद्याचे कलम १४ आहे ना, असे यावर म्हटले जाते. आहे, आणि एम. पी. स्टील (२०१५) नंतर त्याचे तत्त्व अर्धन्यायिक प्राधिकरणांसमोर गेलेल्या वेळेलाही लागू होते. पण त्या कलमाला ‘योग्य तत्परता’ आणि ‘सद्भाव’ दोन्ही लागतात आणि मुदत कायद्यातल्या सद्भावाच्या व्याख्येत काळजी व लक्ष हे शब्द आहेत. वकिलाने सांगितले म्हणून गेलो, एवढ्यावर न्यायालय समाधान मानेलच असे नाही. काय विचार करून सांगितले ते कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

मानीव अभिहस्तांतरणाकडे जरा थांबून पाहू, कारण आपल्या व्यवसायात सध्या सर्वात जास्त चुकीची आश्वासने याच विषयात दिली जातात. मोफाच्या कलम ११ प्रमाणे विकासकाने मालकी हस्तांतरित करायची. करारात मुदत ठरलेली नसेल तर नियम ९ नुसार संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत. विकासक करत नाहीत, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने सक्षम प्राधिकरण आले आणि एकतर्फी हस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. पुढचे मात्र पक्षकाराला सांगितले जात नाही. या आदेशाने मालकीचा वाद मिटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मझदा कन्स्ट्रक्शन (२०१२) मध्ये ते सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एव्हॉन आर्केड प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले: प्राधिकरणाची चौकशी संक्षिप्त, मालकीबाबतची त्याची निरीक्षणे दिवाणी न्यायालयाला बांधील नाहीत, नाराज पक्षाला दाव्याची वाट मोकळी, आणि आदेश उघडच बेकायदेशीर असल्याखेरीज रिट न्यायालयाने त्यात हात घालू नये.

या एका निकालातून विरुद्ध दिशांचे दोन सल्ले निघतात. संस्थेच्या वकिलाने पहिल्याच बैठकीत सांगायला हवे की जमीनमालक आणि विकासक यांच्यात आधीच भांडण असेल, किंवा लेआउटमध्ये तीन संस्था आणि अर्धवट बांधकाम असेल, तर हातात पडणारे प्रमाणपत्र हा शेवट नाही. जमीनमालकाच्या वकिलानेही सांगायला हवे की अनुच्छेद २२६ खाली धाव घेण्यात बहुतेक वेळा फी आणि वेळ दोन्ही जातील, दाव्याचा मसुदा आत्तापासून तयार ठेवा. दोन्ही सल्ले कटू आहेत. ऐकणारा दुसऱ्या वकिलाकडे जाण्याची भीती असते, आणि काही जण जातातही.

पुनर्विकासात हाच प्रकार वेगळ्या कपड्यात दिसतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांच्या संमतीचा उंबरठा ठेवला. मग उरलेल्यांपैकी दोघेतिघे घर सोडत नाहीत. त्यांचा वकील दावा लावतो, प्रक्रियेत दोष काढतो, एखादी अंतरिम तारीख मिळवतो आणि अशिलाला वाटते आपण जिंकतो आहोत. गिरीश मुलचंद मेहता प्रकरणापासून मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका पक्की आहे: सर्वसाधारण सभेचा कायदेशीर ठराव अल्पमताला बांधतो, सभासद संस्थेपासून वेगळा उभा राहू शकत नाही, आणि लवाद कायद्याच्या कलम ९ खाली त्याला जागा रिकामी करायला सांगता येते. सभाच बेकायदा असेल, ठराव खोटा असेल, तर लढावे. नुसते क्षेत्रफळ कमी वाटते, भाडे अपुरे वाटते, या कारणांवर विरोध करणाऱ्याला ‘वाटाघाट करा, खटला नको’ असे लेखी सांगणारा वकील त्याचे जास्त भले करतो. मात्र हा सल्ला ऐकायला पक्षकार फी देत नाही. तारखांना देतो. आपल्या व्यवसायाच्या अर्थशास्त्रातली ही जुनी दुखरी जागा आहे.

सार्वजनिक कायद्याच्या बाजूला घाई आणखी जास्त. महापालिकेची नोटीस पाहिली की रिट, हा मुंबई-ठाण्यातला प्रतिक्षिप्त विचार. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे हे मात्र आधी वाचावे. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम ३५१ किंवा ३५४अ असेल तर अनधिकृत बांधकामाचा प्रश्न, तिथे दाव्याला कलम ५१५अ चा अडसर. कलम ३५४ असेल तर इमारतीच्या स्थितीचा प्रश्न. दोन स्ट्रक्चरल ऑडिट परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते आणि तिथे आपला अभियंता आपल्यापेक्षा उपयोगी असतो. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, म्हणून घर सोडण्याआधी क्षेत्रफळाची नोंद पदरात पाडून घ्यावी. हे चाळीतल्या माणसाला ज्या दिवशी कळायला हवे त्या दिवशी कोणी सांगत नाही. तो तर स्टे कधी मिळतो याची वाट पाहत असतो, आणि दरम्यान त्याच्या खोलीची मोजणी त्याच्या गैरहजेरीत होते.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणे देणारा आदेश आणि उल्लंघन केल्यास अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी अशी चौकट घालून दिली. चांगली चौकट आहे. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामे, आणि न्यायालयाने आदेश दिलेली पाडकामे तिच्याबाहेर ठेवली आहेत. नाल्याकाठच्या वस्तीतल्या माणसाला हा निकाल दाखवून धीर देणाऱ्याने तो परिच्छेदही वाचून दाखवावा. तिथे आधार शोधायचा तर झोपडपट्टी अधिनियमात आणि पात्रतेच्या कागदांत. ओल्गा टेलिस (१९८५) चे नाव आजही याचिकांमध्ये पहिल्या पानावर येते. त्या निकालात शेवटी काय आदेश झाला ते वाचलेले वकील त्या मानाने कमी.

भाड्याच्या प्रकरणांबद्दल एवढेच की मुंबईत प्रभुदास कोटेचा (२०१३) नंतर फुकट राहू दिलेल्या नातेवाइकालाही बाहेर काढायचे असेल तर लघुवाद न्यायालयच गाठावे लागते. भावाभावांच्या दाव्यात हे अजून सुटते.

आता मूळ मुद्दा. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत एके काळी दोन वेगळे लोक काम करत. सॉलिसिटर पक्षकाराला भेटे, कागद लावी, घटनाक्रम लिही आणि शेवटी क्रमांक घालून प्रश्न विचारी. बॅरिस्टर त्या प्रश्नांना त्याच क्रमाने लेखी उत्तर देई. ही द्विस्तरीय पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेली. तिच्यात खर्च होता, उतरंड होती, जिल्ह्यातल्या वकिलाला दूर ठेवणारा तोरा होता. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक शिस्त होती. विचारणारा आणि उत्तर देणारा वेगळे असल्यामुळे प्रश्न कागदावर यावा लागे. आज एकच माणूस ऐकतो, ठरवतो, मसुदा करतो आणि उभा राहतो. त्यात प्रश्न लिहिण्याची पायरीच गळून पडली. सीनियर कौन्सेलच्या कॉन्फरन्सलाही तासाभरापूर्वी ब्रीफ पोहोचते आणि प्रश्न तोंडी असतो: ‘सर, काही होईल का?’ उत्तरही त्याच मापाचे मिळते.

जिल्हा न्यायालयात एकट्याने काम करणाऱ्यालाही ही शिस्त परवडते. दावा लिहिण्यापूर्वी एक पान. घटना तारखांसह, पक्षकाराला नेमके काय हवे आहे (जागा, पैसे, मालकी की नुसता वेळ), कोणते मंच शक्य आहेत आणि प्रत्येकाला कोणता कायदा अडवतो, मुदत कधी संपते, दाव्याआधी कोणती नोटीस लागते. कलम १६४ ची निबंधकांना दोन महिन्यांची नोटीस विसरल्यामुळे संस्थेविरुद्धचे किती दावे फेटाळण्याच्या उंबरठ्यावर येतात, हे सहकारातल्या वकिलांना विचारावे. हे पान पक्षकाराला द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि त्याची वेगळी फी लावावी. ज्याला ती झेपत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. १९८७ च्या अधिनियमातल्या विधी सेवेच्या व्याख्येत सल्लाही येतो. कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अटही नाही. वसुली वा निष्कासनाची नोटीस आलेल्या घरकामगार बाईला हे माहीत नसणे हा तिचा दोष नव्हे.

लिहून दिले तर अंगाशी येईल, अशी शंका तरुण वकील विचारतात. कायद्याची स्थिती पाहिली तर भीती अवास्तव आहे. चुकीच्या टायटल अभिप्रायावरून वकिलाला फौजदारी कटात ओढायचे तर त्याचा सक्रिय सहभाग दिसला पाहिजे, नुसता निष्काळजीपणा पुरेसा नाही, असे के. नारायण राव (२०१२) मध्ये ठरले. मे २०२४ मध्ये वकिली सेवा ग्राहक कायद्याबाहेर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि अशिलाला दिलेल्या सल्ल्यावरून वकिलांना तपास यंत्रणांनी सरसकट समन्स काढण्याला त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये लगाम घातला. व्यावसायिक गैरवर्तणुकीची जबाबदारी राहते आणि ती राहिलीच पाहिजे. तिथे तर लेखी अभिप्रायच आपल्या बाजूने बोलतो. तोंडी सल्ल्याबद्दल दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात.

पुढील अंकापासून ‘प्रश्न आणि अभिप्राय’ हे सदर सुरू करत आहोत. घर, जमीन, संस्था, भाडेपट्टा आणि प्राधिकरणांच्या नोटिसा एवढ्यापुरतेच. वाचक वकिलांनी एका पानात तारखांचा क्रम, हातातली कागदपत्रे आणि तीनपेक्षा जास्त नाहीत एवढे प्रश्न लिहून पाठवावेत. पक्षकाराचे नाव, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे क्रमांक नकोत. जिल्हा आणि सध्या प्रकरण कुठे आहे ते हवे. उत्तरे वेगवेगळ्या मंचांवर काम करणारे ज्येष्ठ वकील लिहितील आणि त्यांच्यात मतभेद असतील तर दोन्ही मते छापू. नोटिशीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘सर, काय करायचं?’ असे विचारलेले प्रश्न स्वीकारले जाणार नाहीत, फोटोत तारीख स्पष्ट दिसत असली तरीही.