आपली पकड कुठे झाली? आयपॉडपासून इंझोरीतल्या मोबाईलपर्यंत, खेळाडू व्हिडिओत नेमकं काय बघतात

रात्री मॅच संपते. हरलेल्या टीमचा रेडर घरी येतो, जेवतो, आडवा होतो आणि मोबाईल उघडतो. पहिलाच रील प्रदीप नरवालच्या डुबकीचा. दुसरा पवन सेहरावतच्या उडीचा. बघता बघता तासभर कबड्डी बघून होते. दोन तासांपूर्वी हरलेली स्वतःची मॅच मात्र त्या मोबाईलमध्ये कुठेच नसते. कारण ती कुणी शूटच केलेली नसते.

हे वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत घडू शकतं, किंवा जिथे जिथे कबड्डीचे सामने होतात अशा कुठल्याही गावात. आता व्यावसायिक खेळाडूची रात्र बघा. मोबाईल किंवा टॅब त्याच्याही हातात असतो. पण त्यावर त्याच्याच आजच्या चढाया एकामागोमाग एक लावलेल्या असतात, आणि पुढच्या मॅचमध्ये समोर येणाऱ्या कोपरारक्षकाच्या पकडी वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात.

स्क्रीन दोघांकडे आहे. इंटरनेट दोघांकडे आहे. मग अडतं कुठे? हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल, आणि त्यासाठी आधी अमेरिकेतल्या बेसबॉलकडे.

आयपॉडवर मॅच?

टोनी ग्विन हा सॅन दिएगो पाद्रेस टीमचा बॅटर. १९८३ च्या सुमारास त्याने व्हीसीआरवर स्वतःची बॅटिंग रेकॉर्ड करून बघायला सुरुवात केली. टीव्हीवर लागलेली मॅच घरी त्याची बायको टेप करून ठेवायची. त्या काळात हे जरा विचित्रच वाटायचं. त्याचं टोपणनावच पडलं, कॅप्टन व्हिडिओ. पुढे हा माणूस आठ वेळा लीगचा सर्वोत्तम बॅटर ठरला आणि ३,१४१ हिट्स मारून निवृत्त झाला. पण व्हीसीआर म्हणजे जडशीळ डबा. तो बघायला एका जागी बसावं लागायचं.

ऑक्टोबर २००५ मध्ये ॲपलने व्हिडिओ चालणारा आयपॉड आणला. स्क्रीन अडीच इंचाचा, म्हणजे आजच्या मोबाईलच्या निम्म्याहूनही लहान. लोकांनी त्यावर गाणी बघितली. डेन्व्हरच्या कोलोरॅडो रॉकीज या बेसबॉल टीमने २००६ मध्ये त्यात मॅचचं फुटेज भरलं. पिचरला समोर येणाऱ्या बॅटरच्या क्लिप्स, बॅटरला स्वतःच्या. जेसन जेनिंग्जसारखे पिचर विमानात, बसमध्ये, हॉटेलात हे बघू लागले.

इतक्या छोट्या स्क्रीनवर काय दिसणार, असं आपल्याला वाटतं. पण खेळाडूला चित्र मोठं नको होतं, वेळ हवा होता. आतापर्यंत व्हिडिओ बघायचा म्हणजे टीमच्या खोलीत सगळ्यांसोबत. आता एकटा, कानात इअरफोन घालून, तीच चूक दहा वेळा मागे-पुढे करून बघता येत होती. आणि या गोष्टीतला एक भाग सहज निसटतो. आयपॉडमध्ये आख्खी मॅच टाकलेली नसायची. टीमचा व्हिडिओ विभाग आधी बसून ती कापायचा, कुणाला काय लागणार ते निवडायचा आणि मग भरायचा. मेहनत त्या कापण्यात होती. आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला, कापणारे लोक अजून कामावर आहेत.

आपल्याकडे कधी आलं?

क्रिकेटमध्ये, अर्थातच. २००३ च्या आसपास चेन्नईचे एस. रामकृष्णन भारतीय टीमसोबत लॅपटॉप घेऊन फिरत होते. त्याच मोसमातलं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर सचिन तेंडुलकर ऑफ स्टंपबाहेरच्या बॉलवर पुन्हा पुन्हा बाद होत होता. जानेवारी २००४ च्या सिडनी कसोटीत तो उतरला आणि कव्हर ड्राइव्ह जवळजवळ सोडूनच दिला. ४३६ बॉल, नाबाद २४१. हे सगळं व्हिडिओमुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सचिनला सचिनची चूक कळायला लॅपटॉपच लागतो असं नाही. पण व्हिडिओ बघून जे करायचं असतं ते नेमकं हेच: आपण कुठे बाद होतोय याचा साचा ओळखायचा आणि त्यावर एक ठोस निर्णय घ्यायचा. सचिनचा निर्णय होता की हा फटका आज मारायचा नाही.

कबड्डी तर मोबाईलसाठीच बनली आहे

मला तरी तसं वाटतं. एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे खेळानेच तुम्हाला रीलच्या मापाच्या क्लिप्स कापून दिल्या आहेत. पुरुषांची मॅच ४० मिनिटांची, त्यात एका मुख्य रेडरच्या वाट्याला साधारण १५-२० चढाया येतात. म्हणजे त्याला स्वतःचा सगळा खेळ बघायला दहा मिनिटं पुरतात.

पण नुसतं बघून काय होणार? व्हिडिओ ॲनालिस्ट जे करतात ते ऐकायला भारी वाटतं, मुळात ते वहीत रकाने आखण्याचं काम आहे. प्रत्येक चढाईसमोर चार-पाच गोष्टी लिहायच्या. समोर किती बचावपटू होते? सहा किंवा सात असतील तरच बोनस मिळतो, त्यामुळे हा आकडा महत्त्वाचा. आपण आधी कुठल्या बाजूला गेलो, डावीकडे की उजवीकडे? मागच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या का? प्रो कबड्डीत त्यानंतरची चढाई डू ऑर डाय असते, पॉइंट नाही आणला तर रेडर बाहेर. पहिला हात कुणी घातला? आणि दुसरा माणूस कुठून आला?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मैदानावर कधीच कळत नाही. ज्याने घोटा धरला तो रेडरला आठवतो. पण बहुतेक वेळा तो घोटा सुटणार असतो, आणि तेवढ्यात बाजूने मध्यरक्षक येऊन धडकतो. रेडर घरी जाऊन म्हणतो, "कोपऱ्यातल्याने धरलं." व्हिडिओ म्हणतो, तू दर वेळी उजवीकडे वळतोस आणि तुझी पाठ त्या मध्यरक्षकाकडे होते. वीस चढायांमध्ये हे पाच वेळा दिसलं की तो योगायोग राहत नाही. समोरच्या टीमला ते आधीच कळलेलं असतं.

मोबाईल कुठे धरायचा?

गावातल्या मॅचचं शूटिंग होत नाही असं नाही. उलट हल्ली मोठ्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह असतात. पण प्रेक्षक मोबाईल घेऊन मैदानाच्या बाजूला, लोकांच्या खांद्यांमधून शूट करतो आणि कॅमेरा रेडरच्या मागे फिरवतो. बघायला मजा येते, अभ्यासाला उपयोग शून्य. कारण बाकीचे सहा बचावपटू फ्रेममधून गायब.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. टोकाच्या रेषेच्या मागे, थोडं उंचावर मोबाईल ठेवला तर अख्खं मैदान आडव्या फ्रेममध्ये मावतं. उंची म्हणजे शाळेचा स्लॅब, नाहीतर मैदानाबाहेर लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मोबाईल बांधून ठेवायचा, हलवायचा नाही, झूम करायचा नाही.

खो-खोला तर याहून मोठी फ्रेम लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, आणि दोन्हींचे कॅप्टन महाराष्ट्राचे होते, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. त्या मॅचचे रील सगळ्यांनी बघितले. त्यात सूर मारून गडी बाद केलेला दिसतो. पण संरक्षक बसलेल्या खेळाडूंच्या मधून कुठल्या साखळीने पळत होता आणि ती साखळी कुठे तुटली, हे अख्खं मैदान दिसल्याशिवाय समजत नाही.

साठवायचा खर्चही आहे. ४० मिनिटांची मॅच फुल एचडीमध्ये शूट केली की मोबाईलनुसार अडीच ते पाच जीबी जागा जाते. ती व्हॉट्सॲपवर टाकली की चित्र भुरकट होतं आणि नेमका पायच दिसेनासा होतो. त्यामुळे आधी मोबाईलमध्येच चढाया कापायच्या आणि क्लिप्स डॉक्युमेंट म्हणून पाठवायच्या. कंटाळवाणं काम आहे. रॉकीजकडे त्यासाठी पगारी माणूस होता, गावात ते राखीव खेळाडूच्या गळ्यात पडतं.

रील बघून शिकता येत नाही का?

येतं, थोडंफार. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवर भालाफेक बघून शिकला आणि २०१५ मध्ये ९२.७२ मीटर फेकून वर्ल्ड चॅम्पियन झाला. ही गोष्ट तुम्ही दहा वेळा वाचली असेल. त्यातला पुढचा भाग कमी सांगितला जातो: मधल्या काळात तो फिनलंडला जाऊन कोचच्या हाताखाली शिकला होता.

रीलची अडचण साधी आहे. त्यात यशस्वी झालेली डुबकीच दिसते, फसलेल्या डुबक्या कुणी अपलोड करत नाही. शिवाय नरवाल मॅटवर खेळायचा. आपल्याकडे अजून कित्येक सामने मातीवर होतात, आणि उन्हाने कडक झालेल्या मातीवर तीच उडी मारली की गुडघा आधी सांगतो काय चुकलं.

आणि फुटेज उघडं असलं की ते सगळ्यांनाच उघडं असतं. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसतेय. भारताचे सगळे मोठे खेळाडू त्यात खेळतात, इराणचा फझल अत्राचलीही त्यात खेळत आलाय. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष सेमीफायनलला इराणकडून १८-२७ हरले. त्यानंतर महिलांची फायनल, तीही इराणशीच, २४-२७ अशी गेली. इराणच्या त्या महिला टीमच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भारताच्या मुली कशा खेळतात हे समजायला त्यांना कुठल्या आयपॉडची गरज पडली असेल असं वाटत नाही. हा खेळ त्यांनी आयुष्यभर बघितलेला. क्लिपमध्ये काय बघायचं हे ज्याला माहीत आहे असा माणूस शेजारी असणं, ही गोष्ट डाउनलोड होत नाही.

ऐन मॅचमध्ये मात्र नाही

इथे एक फाटा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मॅचच्या दिवशी खेळाडूंचे मोबाईल जमा करून घेतात, कारण फिक्सिंगची भीती. २०१८ मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या काही खेळाडूंच्या हातात स्मार्टवॉच दिसली, तर तीही काढायला लावली. बेसबॉलमध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१७ च्या मोसमात कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्या. २०२० मध्ये त्याची शिक्षा झाली आणि त्या वर्षी मॅच चालू असताना व्हिडिओ बघण्यावर बंधनं आली. पुढच्या वर्षी टॅब परत मिळाले, पण कॅचरच्या खुणा कापलेल्या व्हिडिओसह.

मग इंझोरीतल्या रेडरला याचं काय?

बरंच काही. गावात कबड्डी खेळणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात प्रो कबड्डीचा लिलाव नसतो. पोलीस भरती असते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्याचा रस्ता तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धांमधून जातो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत खेळाडूच्या वाट्याला काही मिनिटं येतात. त्या दिवशी घोटा दुखत असेल तर वर्ष गेलं. वर्षभराच्या मॅचचं फुटेज असतं तर निदान दाखवायला काही असतं. राज्यात खेळाची बोगस प्रमाणपत्रं मोठ्या संख्येने सापडली, तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता. प्रत्येक जिल्हा स्पर्धेचं शूटिंग करून ठेवायला एक मोबाईल आणि एक स्टँड लागतो. मैदानावर न उतरलेल्या खेळाडूचं प्रमाणपत्र तयार करणं मग इतकं सोपं राहिलं असतं का?

मुलींच्या टीमचं वेगळं आहे. त्यांच्या मॅचचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पडला की खेळावर कमी आणि कपड्यांवर जास्त कमेंट येतात, आणि मग घरचे पाठवणं बंद करतात. म्हणून शूट कुणी करायचं आणि क्लिप कुणाकुणाकडे जाणार, हे आधी ठरवावं लागतं. टीमच्या बाई किंवा सर यांच्याच मोबाईलवर शूटिंग, आणि बघायचं सरावाच्या वेळी सगळ्यांनी मिळून. मुलींपैकी अनेकींकडे स्वतःचा फोन नसतो, त्यामुळे तसंही दुसरा मार्ग उरत नाही.

राहिला प्रश्न मेमरीचा. रविवारी शूट केलेली पाच जीबीची मॅच बुधवारपर्यंत मोबाईलमध्ये टिकली तर नशीब. घरात लग्न निघालं की सगळ्यात आधी तीच डिलीट होते. त्यामुळे मॅच संपल्यावर त्याच रात्री, रील उघडायच्या आधी, आपल्या वीस चढाया कापून घ्यायच्या आणि बाकीची मॅच उडवायची. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ उरतो, एखाद जीबीचा. तेवढी जागा लग्नाच्या फोटोंमध्येही निघते.