शेतमळा : छाटलेल्या फांद्या

योहानकृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात निष्फळ फांद्या अग्नीत जातात. मळ्यातील छाटलेली फांदी मात्र अजून उपयोगाची असते. सोलापूरकडील द्राक्षबागांत एप्रिलात खरडछाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी होते. वाळलेल्या फांदीत जवळजवळ निम्मा कर्ब असतो. वेलीने तो हवेतून घेतलेला असतो. फांदी जाळली की तो घटकेत हवेत परततो. बारीक करून शेणखतासह मातीत मिसळली, तर त्याचा काही अंश टिकतो व माती भुसभुशीत राहून पाणी धरते. बागायतीत सततच्या ओलीने हे खत लवकर कुजते. म्हणून भर दरवर्षी हवी. रोगट फांद्या तेवढ्या बागेबाहेर न्याव्यात. मादन हिप्परग्याच्या शेतकऱ्यांनो, जी जमीन लेकरांच्या हाती द्यावयाची, ती उपाशी ठेवू नये.