माळ्यावरचा रेडिओ

दिवाळीच्या साफसफाईत हिरकणीवाडीत काय नि महाडात काय, माळ्यावरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ अपरिग्रहाच्या नावाखाली भंगारात जातो. मला हे पटत नाही. जुनं टाकून नवं आणणं हा अपरिग्रह नव्हे.

पुष्कळदा बिघाड वीजपुरवठ्याच्या भागातच असतो. वर्षानुवर्षं बंद राहून फिल्टर कंडेन्सर सुकतात; ते बदलले की रेडिओ पुन्हा बोलतो. मात्र ‘बघू चालतो का’ म्हणून प्लग लावू नका. खराब कंडेन्सरमुळे ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसा दुसरा सहजी मिळत नाही. आत 250 व्होल्टच्या आसपास दाब असतो, बंद केल्यावरही काही वेळ टिकतो. जाणकारालाच दाखवा.

दुरुस्त झाला की रोज ऐका. नुसता शोभेला ठेवला, तर तोही परिग्रहच.