लंबोदराचे पूजक आणि त्यांचीं मुलें

लहान मूल निष्पाप असतें, म्हणून मनांत येईल तें बोलतें, असें म्हणून मुलांच्या तोंडची कुचेष्टा हंसण्यावारी नेण्याची आपल्या सुशिक्षित कुटुंबांत रीतच पडली आहे. मूल मनांत येईल तें बोलत असेल. परंतु तें त्याच्या मनांत आलें कोठून, हा खरा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगरांत एका गणेशोत्सवांत पाहिलेला प्रसंग सांगतों. एका सुखवस्तु घरीं आरती आटोपल्यावर पांच वर्षांच्या मुलीनें दुसरा मोदक नाकारला. कारण विचारतां म्हणाली, "मी ढोली होईन." मंडळी कौतुकानें हंसली. समोर पाटावर साक्षात् लंबोदर! ज्याला या नांवानें आपण आळवितों, त्याच्याच प्रसादाचें त्या पोरीला भय वाटावें, याहून मोठी विटंबना कोणती?

हें भय त्या पोरीनें स्वतः शोधून काढलें नव्हतें. त्याच बैठकींत कोणाची सून "फार सुटली" होती, कोणाचा मुलगा "काडीपैलवान" ठरला होता, आणि "सडपातळ, गोरी" वधू पाहिजे असल्याची जाहिरात मोठ्यानें वाचली गेली होती. अमेरिकेंत क्रेमर व स्टाइनवर्ट यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, गोष्टींतला दुष्ट मुलगा कोणता असें विचारतां तीन ते पांच वर्षांचीं मुलेंही बहुधा लठ्ठ मुलाच्या चित्राकडेच बोट दाखवीत. फिजी बेटांत भरदार शरीर मानाचें समजत. तेथील एका भागांत १९९५ सालीं दूरचित्रवाणी आली, आणि १९९८ सालीं शाळकरी मुलींत वजनासाठीं मुद्दाम वांती करण्याची खोड आढळली. घृणा उपजत असती, तर ती तीन वर्षांत आली नसती.

आमच्या जिल्ह्याला तर ती मुळींच शोभत नाहीं. वेरूळच्या लेण्यांतील शिवाचे खुजे, पोटाळ गण हास्यकारक आहेत खरे; पण ते देवाच्या परिवारांत आहेत, परिवाराबाहेर नव्हेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत हारीती मांडीवर मूल घेऊन बसली आहे, आणि खालीं पीठावर शिकणारीं, खेळणारीं मुलें कोरलीं आहेत. मुलें खाणारी हारीती बुद्धाच्या उपदेशानें त्यांची रक्षक झाली, अशी कथा आहे. आपण मात्र जन्मतः रक्षक असून शब्दांनीं मुलें खातों!

यावर कोणी म्हणेल, लठ्ठपणानें रोग जडतात, मग बोलूं नये काय? वैद्यानें अवश्य बोलावें. परंतु वजन घेणें निराळें आणि वजनावरून नांवें ठेवणें निराळें. १९७५ सालीं सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांत मुलांचें वजन घेतात, तें कोणाला हिणवण्यासाठीं नव्हे. कोणाच्या ताटांत काय कमी आहे, हें कळावें म्हणून. टोमण्यानें कोणाचा मेद झडल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. मूल लपून खाऊं लागल्याचें मात्र पाहिलें आहे.

तेव्हां वडीलधाऱ्यांनीं मुलांदेखत माणसांचीं शरीरें तोलणें आधीं बंद करावें. स्वतःची जीभ न आवरतां मुलांना सद्वर्तनाचे पाठ देणें हें निव्वळ ढोंग आहे. आणि तें ढोंग मुलें आपल्या आधीं ओळखतात.