हौसेला मोल नव्हतं, म्हणून रुखवत गेलं

दिवाळी जवळ आली की एक हळहळ ठरलेली असते. हल्ली सगळं विकत मिळतं, घरी कोणी काही करत नाही, कंदील प्लॅस्टिकचा, किल्ला तयार, फराळ डब्यातला आणि भेट म्हणून सुक्या मेव्याचा तोच चौकोनी खोका, जो न उघडताच या घरातून त्या घरात फिरत राहतो. खोक्याबद्दलची तक्रार अगदी रास्त. बाकीची हळहळ मात्र तपासून घ्यायला हवी, कारण ती सगळ्या घरगुती वस्तूंना एकाच पोत्यात भरते. मराठी घरात हाताने करायच्या ज्या वस्तू होत्या त्यांतल्या काही अजून तग धरून आहेत, काही जवळजवळ संपल्या. आकाशकंदील, किल्ला, गणपतीची आरास या गोष्टी कमी झाल्या तरी घराघरांत अजून होतात. रुखवत, हलव्याचे दागिने, बाळाची कुंची आणि दुपटी, जुन्या लुगड्यांची गोधडी या मात्र घरातून उठून दुकानात गेल्या. बाजारामुळे हे झालं म्हणावं, तर बाजारात कंदीलही मिळतो आणि किल्लाही. मग काही वस्तू बाजाराला पुरून उरल्या आणि काही नाही, हे कसं?

आकाशकंदील घरी कसा होतो ते डोळ्यांपुढे आणा. बुरूडआळीतून कामट्या आणायच्या, तासून सारख्या करायच्या, त्यांचे एका मापाचे चौकोन बांधायचे आणि ते एकमेकांना कोनात जोडायचे. या जोडणीत एकाने कामट्या घट्ट धरल्याशिवाय दुसऱ्याला गाठ मारता येत नाही. एकट्याने करायला गेलं की सांगाडा हटकून तिरका होतो. मग खळ शिजवायची, पतंगाचा कागद कापायचा, तो न फाटता ताणून डकवायचा. झिरमिळ्या कापायला घरातलं सर्वांत लहान पोर चालतं, कारण तिथे कात्री वाकडी गेली तरी बिघडत नाही. शेवटी बल्ब लावायला कोणीतरी स्टुलावर चढतं आणि खालून चौघं सूचना देतात. किल्ल्याचंही तेच. माती कालवणारा वेगळा, विटा रचून वर पोतं पसरणारा वेगळा, अळीव पेरून रोज पाणी मारणारी वेगळी, आणि महाराजांचं सिंहासन कुठे ठेवायचं यावर भांडायला सगळेच. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, सिंधुदुर्गात माटवी. त्यासाठी घरातले पुरुष नि पोरं रानात जाऊन कवंडळं, हरणं, शेरवडं गोळा करून आणतात, नारळ नि सुपारीचे घोस त्यात बांधतात, आणि कुठलं फळ कुठे मिळतं हे सांगायला एखादा आजोबा लागतो. या वस्तूंची रचनाच अशी आहे की एका माणसाच्याने त्या होत नाहीत.

आता संक्रांतीचा हलवा घ्या. साखरेचा पाक करायचा, त्यात थोडं दूध घालून मळी काढायची. परातीत खसखस किंवा तीळ किंवा साबुदाणा घेऊन ती मंद शेगडीवर ठेवायची आणि चमचाभर पाक सोडून बोटांनी हलवत राहायचं. पाक दाण्यावर चढतो, सुकतो, मग पुढचा चमचा. आच वाढली तर साखर पिवळी पडते, घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, हवा दमट असली तर काटा येतच नाही. बोटांना चटके बसतात. असं तासन्‌तास आणि पुन्हा दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी केल्यावर शुभ्र, काटेरी हलवा होतो. त्यानंतर तो दोऱ्याने गुंफून तन्मणी, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. जावयाला हार नि नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. काळ्या साडीवर हे दागिने दिसतात देखणे. पण शेगडीपुढे कोण बसे, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. बसे ती एकच बाई, आणि तिचं रोजचं काम त्यासाठी कमी होत नसे.

माझा मुद्दा इथे येतो. ज्या वस्तूंचं काम घरातल्या सगळ्या वयांच्या बायका-पुरुषांत वाटलं गेलं होतं त्या टिकल्या. ज्या बायकांच्या दुपारींवर उभ्या होत्या त्या, दुपारी कचेरीत जाऊ लागताच, कोसळल्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष होते जेमतेम २६ टक्के, स्त्रिया ८१ टक्के. रोजच्या या पाच तासांच्या वर रुखवत, दुपटी, हलवा होता. कंदील करणाऱ्यांतला एक जण कामावर गेला तर दुसरा कामटी धरतो. हलवा करणारी कामावर गेली की शेगडी विझते. त्यात तिचं काही चुकलं असं म्हणण्याची सोय नाही. तरी दरवर्षीची हळहळ फिरून तिच्याच दारात येते. ‘हल्ली कोणी काही करत नाही’ या वाक्यातला तो ‘कोणी’ पुरुष असल्याचं फारसं ऐकिवात नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. हे काम बायका आनंदाने करत, त्यांना तेवढीच मोकळीक होती. नक्षी सुचणं, रंग जुळवणं, चारचौघींत कौतुक होणं हे सुख रोजच्या भाकरीत नव्हतं. शिवाय एकट्या कुठे, मावश्या, मैत्रिणी, शेजारणी मिळून करत. हे सगळं खरं आहे. सुपाऱ्यांचे वऱ्हाडी आणि भटजी, मण्यांचं तुळशीवृंदावन, क्रोशाची तोरणं, रंगीत शेवयांची ताटं, सप्तपदीची सात पावलं, यातली कल्पकता कोणी नाकारू नये. पण त्या मावश्या-मैत्रिणींतही पुरुष नव्हता, त्यामुळे सगळ्याजणींचा दिवस भरला तेव्हा सगळं बाकच एकदम रिकामं झालं. आणि रुखवत हे निव्वळ कौतुकाचं मांडणं कधीच नव्हतं. मांडवात टेबलावर मांडलेली ती मुलीची परीक्षाही होती. वरपक्षाच्या बायका उचलून बघत, उलटून टाका तपासत आणि विचारत, ‘हे मुलीनं स्वतः केलंय ना?’ मुलाने स्वतः काय केलंय, हे मांडायला वरपक्षाकडे टेबलच नसे. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. हौशी माणूस खर्चाकडे बघत नाही, असा त्याचा अर्थ. पण घरातल्या बाईच्या बाबतीत ती म्हण शब्दशः खरी ठरली. तिच्या कामाला हौस म्हटलं आणि त्याचं मोल देण्याचा प्रश्नच मिटवला.

म्हणून या वस्तू घराबाहेर गेल्या याचं मला दुःख वाटत नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. घरोघरचं पापड लाटणं कमी झालं म्हणून त्या काळी किती जण रडले ठाऊक नाही, पण तेच लाटणं हजारो बायकांच्या हाती मजुरी ठेवू लागलं. आज बचतगटांच्या बायका गोधड्या शिवतात, हलव्याचे दागिने करतात, रुखवताचा संच करून देतात. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात असा माल घेऊन गावोगावच्या बायका येतात. हात तेच, टाका तोच. फरक इतकाच की आता त्याला भाव आहे. भाड्याने मिळणारं रुखवत मला हास्यास्पद वाटतं, कारण परीक्षा द्यायची आणि उत्तरपत्रिका मागवायची यापेक्षा परीक्षाच रद्द केलेली बरी. पण विकत घेतलेली हाताची गोधडी ही कमी प्रतीची भेट आहे, हे मला मान्य नाही. खोट आहे ती दुसरीकडे. ज्यांना हाताच्या कामाचा पुळका असतो तेच स्टॉलपाशी उभं राहून गोधडीच्या किमतीवर घासाघीस करतात. मॉलमधल्या यंत्राच्या दुलईवरची चिठ्ठी मुकाट वाचतात आणि इथे मात्र ‘घरच्या घरी तर केलंय’ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर नीट बसवून, कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालत जाणं म्हणजे कित्येक दिवसांची मान मोडणं आहे. ‘घरच्या घरी’ या दोन शब्दांत ते दिवस पुन्हा फुकट होतात.

दुसरा आक्षेप असा की कंदील-किल्ला तरी कुठे टिकलाय? माहीमची कंदील गल्ली बघा, तयार किल्ले बघा. बरोबर. शहरात अंगण नाही, माती विकत आणावी लागते, आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात किल्ला करायचा तर सोसायटीची परवानगी लागते. तरी मुलं तो कोपरा मागतात. मावळे आणि तोफा विकत येतात, डोंगर बहुधा घरचाच असतो. आराशीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. थर्माकोलच्या आयत्या मखरांनी एक काळ घरची आरास पार गिळली होती. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली आणि पुठ्ठा, कापड, कागद, बांबू पुन्हा दिसू लागले. त्यातली बरीच मखरं घडी घालून विकत मिळणारी आहेत, हे कबूल. पण ज्या घरांत ती पुन्हा हाताने होऊ लागली तिथे कामाची वाटणी जुनीच, म्हणजे सगळ्यांची होती. पुठ्ठा कापणं ही बायकांची हौस आहे असं कोणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते काम पुन्हा सुरू करणं सोपं गेलं.

उरला दर्जाचा प्रश्न. घरी केलेली वस्तू करणाऱ्यालाच सुंदर दिसते, घेणारा ती माळ्यावर टाकतो, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि ते प्रयोगाने दिसलेलंही आहे. मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कागदाच्या घड्यांचे प्राणी करायला लावले. करणाऱ्यांनी आपल्या ओबडधोबड बेडकाला जवळजवळ तज्ज्ञाने केलेल्या प्राण्याइतकी किंमत लावली. बाकीच्यांच्या लेखी तो चुरगळलेला कागद होता. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. वस्तू पुरी न करता आली तर हे ममत्व उरत नाही. शाळेच्या कंदील स्पर्धेसाठी आई रात्री जागून मुलाचा कंदील पूर्ण करते तेव्हा नेमकं हेच घडतं. कंदील सुबक होतो, पण मुलाला तो आपला वाटत नाही, आणि आईच्या २९९ मिनिटांत आणखी काही मिनिटांची भर पडते. तेव्हा भेट म्हणून घरची वस्तू द्यायची तर ज्यांनी ती मिळून केली आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत झाली त्यांच्यातच तिची किंमत आहे. आजीने केलेलं दुपटं नातवाला प्रिय असतं; तेच दुपटं साहेबांच्या बाळाला दिलं तर ते इतर सव्वीस दुपट्यांत जाऊन बसेल. परक्यांना द्यायला चांगली वस्तू विकत आणावी, त्यात कमीपणा नाही.

ज्यांच्या घरी येत्या जानेवारीत नव्या जोडप्याची पहिली संक्रांत आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. हलवा घरी करायचा असेल तर जरूर करा, थंडी आहे तोवर तो छान होतो, आणि यंदा शेगडीपुढचा एक दिवस जावयाला द्या, एक दिवस सासऱ्यांना. चटके बसतील, पहिला घाणा चिकट होईल, होऊ दे. तेवढी तयारी नसेल तर दागिने करणारीकडे आधीच मागणी नोंदवा आणि ती सांगेल ते पैसे द्या.